प्रौढांची जलतरण स्पर्धा : आधी वेळापत्रक, मग खोल्या



क्रीडा-सप्ताहाचा कार्यक्रम कसा आखतात हे आपल्या नववी-दहावीच्या मुलांना थोडेफार ठाऊक असते. पण ज्या स्पर्धेत पंचविशीतला तरुण आणि ऐंशी वर्षांच्या आजीबाई एकाच दिवशी, एकाच तलावात उतरतात तिची आखणी निराळी असते. या प्रौढांच्या स्पर्धेला मास्टर्स जलतरण म्हणतात. गणित, भूगोल आणि थोडी माणुसकी असे तिन्ही विषय तिच्यात एकत्र येतात, म्हणून हा धडा.

अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचे म्हणणे असे होते की, प्रौढांना व्यायामाची गोडी टिकवायची तर पुढे काही स्पर्धा असली पाहिजे. त्यातून १९७० साली टेक्सास प्रांतातील अमारिलो येथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. पोहणारे पन्नासच्या आतच होते. १९८६ साली टोकियोला पहिली जागतिक स्पर्धा भरली. आपल्याकडे भारतीय जलतरण महासंघ राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरवितो. आपल्या मध्य प्रदेशात तलावाला ‘तरण पुष्कर’ असे सुंदर नाव आहे. भोपाळ-ग्वाल्हेरची मुले ते रोज उच्चारतात, अर्थाकडे मात्र क्वचितच लक्ष देतात.

आता नियम पाहू. जागतिक नियमांप्रमाणे गट पाच-पाच वर्षांचे असतात : २५ ते २९, ३० ते ३४ आणि असेच पुढे नव्वदीच्याही पलीकडे. वय धरायचे ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे. म्हणजे २० डिसेंबर १९६५ ला जन्मलेले गृहस्थ जुलै २०२५ मध्ये पोहले, तर प्रत्यक्षात एकोणसाठ वर्षांचे असूनही ६० ते ६४ च्या गटात बसतात. त्याचे त्यांना वाईट वाटत नाही, उलट आनंदच होतो, कारण गटात ते सर्वांत तरुण ठरतात. रिलेमध्ये चौघांच्या वयांची बेरीज करतात. ३५, ५२, ६१ आणि ७० मिळून २१८ झाले, म्हणून तो संघ २०० ते २३९ च्या गटात.

प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी असा प्रकार येथे नसतो. प्रत्येकाने एकदाच पोहायचे आणि घड्याळाने निकाल द्यायचा. तरीही वेळ पुरत नाही, आणि आखणीची परीक्षा तेथेच होते.

समजा आठ लेनचा तलाव आहे आणि १०० मीटर फ्रीस्टाइलला ९० नावे आली. ९० ला ८ ने भागले की १२ हीट होतात. प्रत्येक हीटला चढण्या-उतरण्यासह तीन मिनिटे धरली तर ३६ मिनिटे. पण स्त्री-पुरुषांचे मिळून वीस गट असतील आणि प्रत्येक गट वेगळा पोहवायचा म्हटले, तर किमान वीस हीट, म्हणजे एक तास. त्यातही एखाद्या आजीबाई सात रिकाम्या लेनच्या मध्ये एकट्याच पोहताना दिसतील. म्हणून नियम सवलत देतो : गट एकत्र पोहवावेत, निकाल मात्र वेगळे लावावेत.

लांब अंतराला गणित आणखी मजेदार होते. ८०० मीटरला ४० जण आहेत, पाच हीट. कितीही चपळ लोक असले तरी हीट संपते ती सर्वांत शेवटच्या माणसाबरोबर. नोंदवलेल्या वेळेप्रमाणे ओळीने लावले आणि प्रत्येक हीटचा शेवटचा माणूस अनुक्रमे २४, २०, १७, १५ आणि १३ मिनिटे घेत असेल, तर बेरीज ८९. आता सर्वांत संथ आठ जण (२१ ते २४ मिनिटांचे) पाचही हीटमध्ये विखुरले तर? प्रत्येक हीट किमान २१ मिनिटांची, म्हणजे १०५ च्या वर. केवळ नावांचा क्रम बदलून सोळा मिनिटे वाचली, वर एक पैसाही खर्च झाला नाही. म्हणूनच ४०० मीटर व त्यापुढील शर्यतींत वय न पाहता वेळेप्रमाणे हीट लावण्याची पद्धत आहे. या शर्यतींत एका लेनमध्ये दोघांना पोहवण्याचीही मुभा आहे, वेळ मात्र दोघांची स्वतंत्र घ्यावी लागते. पहिली संथ हीट एकेरी ठेवून बाकीच्या चार हीटच्या दोन केल्या, तर २४, २० आणि १५ मिळून ५९ मिनिटांत काम होते.

येथे कुणी म्हणेल की इतक्या संथ लोकांना घ्यायचेच कशाला? एप्रिल २०१५ मध्ये जपानच्या मात्सुयामा येथे शंभर वर्षांच्या मिएको नागाओका १५०० मीटर पोहल्या. वेळ लागला १ तास १५ मिनिटे ५४.३९ सेकंद. त्यांनी पोहायला सुरुवातच ऐंशी उलटल्यावर, गुडघ्याच्या दुखण्यामुळे केली होती. आमच्या मते अशा एका पोहणाऱ्या बाईंसाठी सव्वा तास राखून ठेवणे हे आयोजकांचे कर्तव्यच आहे. तो सव्वा तास वेळापत्रकात आधी लिहिलेला हवा, एवढेच.

छोट्या अंतरात साधारणपणे सर्वांत वयस्कर गट आधी उतरतो आणि तरुण शेवटी. यात एक खोच आहे. सत्तर वर्षांचे पण चपळ गृहस्थ ८०० मीटरमध्ये वेळेप्रमाणे शेवटच्या हीटमध्ये येतील आणि लगेच पुढच्या ५० मीटरमध्ये वयाप्रमाणे पहिल्या हीटमध्ये. धाप लागलेली, अंग ओले, आणि शिट्टी वाजली! या वयात असा खेळ हृदयाशी होतो. म्हणून लांब शर्यतीनंतर अर्ध्या-पाऊण तासाची सुटी किंवा रिले ठेवावी, आणि तलावाशी डॉक्टर व सरावाच्या वेळीही देखरेख असावीच.

आता खोल्यांकडे वळू. वयस्कर आधी उतरणार, म्हणजे ज्यांना पहाटे धावपळ सर्वांत कठीण त्यांनाच सकाळी सर्वांत लवकर तलावावर यायचे आहे. तेव्हा तलावाजवळच्या, तळमजल्याच्या किंवा लिफ्ट असलेल्या खोल्या त्यांना. तरुणांनी स्टेशनजवळच्या लॉजमधून रिक्षाने यावे. पुष्कळ ठिकाणी उलटे होते : ज्याचे पैसे आधी आले त्याला जवळची खोली. कमोड आहे का, ओले कपडे वाळवायला दोरी आहे का, चहा-नाश्ता सहाच्या आत मिळतो का, हे तीन प्रश्न पत्रकात छापावेत. शाळेच्या वर्गात गाद्या घालणे मुलांना चालते; गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठताच आले नाही तर तो पोहणार काय?

पैशाचाही विचार आहे. येथे बहुतेक जण स्वखर्चाने येतात, कित्येक पेन्शनवर. २४० जण चार रात्री राहिले तर ९६० खाटा-रात्री होतात. कोणती शर्यत कोणत्या दिवशी हे प्रवेशपत्रकातच छापले, तर माणूस आपल्या शर्यतींपुरता राहतो. सरासरी अडीच रात्री धरल्या तरी ६०० वर काम भागते. वेळापत्रक उशिरा निघाले की वरच्या ३६० खाटांचे भाडे बिचारे स्पर्धकच भरतात.

नकाशाही उघडावा. २०२३ ची जागतिक मास्टर्स स्पर्धा जपानच्या क्यूशू बेटावर फुकुओका, कुमामोतो आणि कागोशिमा अशा तीन शहरांत विभागली होती. स्पर्धेचे नाव पाहून खोली घेणाऱ्याने आधी आपला तलाव कोणत्या शहरात ते पाहिले पाहिजे.

नववीसाठी उदाहरण. तलाव सहा लेनचा. ५० मीटर बॅकस्ट्रोकला ७५–७९ गटात २, ७०–७४ मध्ये ५, ६५–६९ मध्ये ७ आणि ६०–६४ मध्ये १० महिला. गट वेगळे ठेवले तर किती हीट, एकत्र केले तर किती? प्रत्येक हीटला तीन मिनिटे आणि आरंभ सकाळी आठला धरला, तर दोन्ही प्रकारांत शेवटची हीट किती वाजता सुटेल? उत्तरे शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.