‘द मूनस्टोन’ : पहिला संशय कोणावर?

रहस्यकथेत ‘चोर कोण?’ एवढाच प्रश्न असतो, अशी माझी समजूत होती. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाच्या कथा मी एका बैठकीत संपवीत असे. विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची ‘द मूनस्टोन’ (१८६८) ही गाजलेली कादंबरी मात्र शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचली आणि ती समजूत बदलली.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, त्या दिवशी एक इंग्रज अधिकारी रक्त सांडून एक पवित्र हिरा पळवतो. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे तो हिरा १८४८ साली त्याची भाची रेचल हिला अठराव्या वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो.

संशय प्रथम जातो तो हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन भारतीय ब्राह्मणांवर. मग घरातील नोकरांवर. त्यांत रोझाना ही मोलकरीण पूर्वी चोरीची शिक्षा भोगून आलेली. दाराचा ओला रंग पुसला गेला आहे, तेव्हा डाग पडलेला कपडा शोधला पाहिजे, हे सार्जंट कफ अचूक ओळखतो. परंतु तो कपडा रोझानाच्या हाती आधीच लागलेला असतो. तो असतो फ्रँकलिन ब्लेक या पाहुण्याचा रात्रीचा सदरा. तिचे त्याच्यावर मूक प्रेम असते. ती सदरा लपवते आणि अखेर माणूस गिळणाऱ्या समुद्रकाठच्या वाळूत जीव देते.

इथे रहस्य उघड करावे लागत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. नकळत दिल्या गेलेल्या अफूच्या अमलाखाली हिरा उचलतो तो फ्रँकलिनच. पुढे तो लाटतो धर्मादाय संस्थांत मिरवणारा गॉडफ्रे. कफसारखा निष्णात गुप्तहेरही रेचल व रोझाना यांच्यावर संशय घेऊन चुकतो. मात्र पुढे तो आपली चूक मान्य करतो.

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. एका घरी अंगठी हरवली, तेव्हा तिची पिशवी उलटी करून पाहिली गेली. अंगठी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कपाटात सापडली. चूक झाली, असे मात्र कोणी म्हणाले नाही.

ही कथा अनेक पात्रे सांगतात. ज्याने जे पाहिले, तेवढेच त्याने लिहायचे. कारभारी, वकील, डॉक्टरचा मदतनीस, सर्वांना आपापले प्रकरण आहे. रोझानाला नाही. तिची बाजू कळते ती वाळूत पुरलेल्या डब्यातील पत्रातून, मृत्यूनंतर जवळजवळ वर्षाने.

हिरा शेवटी सोमनाथला पोहोचतो. श्रीरंगपट्टणच्या मूळ चोरावर मात्र खटला कधीच चालत नाही. ‘चोर कोण?’ याइतकाच ‘आधी कोणाची झडती घेतली?’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे मला या कादंबरीने शिकविले.