*मृग लागण्याआधी घराची वाळवी तपासा*



पऱ्हे टाकायची गडबड सुरू होण्याआधी आज शेताऐवजी घराबद्दल बोलू. विषय आहे वाळवी, म्हणजे उधई.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच घरी लाकडी पेटी उघडली, तर जुने सातबारे आणि आईचं पासबुक यांची माती झाली होती. पेटी वरून एकदम चांगली दिसत होती. भिंतीच्या पलीकडे आम्ही तणस रचून ठेवली होती. वाळवी तिथून भिंतीतून आली आणि पेटीच्या तळातून आत शिरली. औषध घरात होतं, पण बघितलंच नव्हतं. म्हणून आधी बघायचं कसं ते सांगतो, औषध नंतर.

*१) वाळवीच आहे का?*

▪️ *वाळवी:* अंग मऊ, रंग पांढरट. उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून जमिनीतून वर येताना मातीची नळी बांधते. भिंतीवर किंवा चौकटीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ दिसली तर ती वाळवी. लाकूड फोडलं तर आत पदर सुटलेले आणि माती भरलेली दिसते.

▪️ *घुण:* बांबूला, फाट्याला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसते. माती नसते. हा भुंगेरा आहे. याला जमिनीत औषध ओतून काही उपयोग नाही.

▪️ *पंखवाली:* पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येते. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी. कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंगी. बाहेरून दिव्यावर आली तर घाबरू नका. पण बंद खोलीत, खिडकीखाली गळलेल्या पंखांचा ढीग दिसला, तर वारूळ घराखालीच असू शकतं.

*२) अर्ध्या तासाची तपासणी*

टॉर्च आणि पेचकस घ्या.

✅ बाहेरून घराच्या जोत्याला पूर्ण चक्कर मारा. तणस, सरपण, तुराट्या भिंतीला टेकून असतील तर बाजूला करून मागे बघा.
✅ न्हाणी, मोरी, गळका नळ. जिथे ओल, तिथे वाळवी आधी येते.
✅ दार-खिडकीच्या चौकटीचा खालचा एक फूट पेचकसाच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आला किंवा पेचकस आत घुसला, तर लाकूड गेलं समजा.
✅ मयाल आणि फाटे भिंतीत शिरतात ती जागा. कवेलू फुटून पाणी मुरत असेल तिथे जास्त लक्ष द्या. वर चढताना शिडी नीट धरायला एक माणूस ठेवा.
✅ धानाचे कट्टे आणि ढोलीच्या खाली, कागदांच्या पेटीच्या तळाला.

नळी सापडली की लगेच पूर्ण पुसू नका. मधला दोन बोटं भाग तोडा आणि तीन दिवसांनी बघा. पुन्हा जोडली असेल तर वाळवी चालू आहे. आणि नळी कुठून निघते ते कळलं, की औषध कुठे द्यायचं तेही कळतं.

*३) बिनखर्चाचं काम आधी*

▪️ तणस, सरपण भिंतीपासून किमान तीन फूट दूर, दगडावर रचा.
▪️ गळका नळ, फुटके कवेलू पावसाआधी दुरुस्त करा. पाणी जोत्याकडे येऊ नये असा उतार द्या.
▪️ कट्टे थेट जमिनीवर नको. विटांवर फळ्या टाकून ठेवा, भिंतीपासून एक-दीड फूट सोडा. विटेवरून नळी चढली तरी ती डोळ्याला दिसते.
▪️ नवीन चौकटीचं लाकूड मातीत पुरू नका. खाली दगड किंवा काँक्रीट पाहिजे.
▪️ सातबारा, पासबुक, विम्याचे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवा. मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

*४) औषध कधी आणि कसं*

वाळवी चालू असेल तरच. फक्त घराच्या *बाहेरून* स्वतः करा:

▪️ जोत्याला लागून अर्धा फूट रुंद, एक फूट खोल चर खणा.
▪️ क्लोरपायरीफॉस २० ईसी: १ लिटर औषध + १९ लिटर पाणी. *किंवा* इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी: १ लिटर पाण्यात २.१ मिली. दोन्ही मिसळू नका.
▪️ दर मीटरला सव्वादोन लिटर द्रावण चरात द्या. २० लिटर साधारण ३० फुटांना पुरते. निघालेली मातीही भिजवून परत भरा.
▪️ लेबलवर इमारतीतील वाळवीसाठी शिफारस लिहिलेली आहे का ते वाचा. पिकावर वापरतो ते इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल वेगळं आहे. त्याला वरचं प्रमाण लावू नका.
▪️ विहीर किंवा हातपंप जवळ असेल, जमीन चिंब असेल किंवा पावसाचं वातावरण असेल तर देऊ नका.

घराच्या *आत* फरशीत १२ मिमीची भोकं एक-एक फुटावर पाडून, दर भोकात १ लिटर द्रावण देऊन ती बुजवतात. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. राहत्या खोलीत पंपाने फवारणी करू नका.

*५) हे अजिबात नको* ❌

▪️ फोरेट (थायमेट) भिंतीच्या भोकात भरणे. वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. फार जहाल विष आहे.
▪️ जुनी बीएचसी पावडर. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे.
▪️ धानात किंवा कट्ट्यावर वाळवीचं औषध. कट्टे बाहेर काढा, उन्हात वाळवा, चाळा.
▪️ रॉकेल, जळकं ऑईल. लागलं तिथलीच वाळवी मरते, जमिनीतली राणी अंडी घालतच राहते. वर आगीची भीती.

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले, ते उघड्या शेतात. घरात तर लेकरं असतात. हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे घाला. लेकरं, शेळ्या, कोंबड्या दूर ठेवा. चक्कर, खूप घाम, तोंडातून लाळ, उलटी झाली की १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या.

*या आठवड्यात तीनच कामं:* भिंतीला टेकलेली तणस हलवा, कट्टे उचला, चौकटी ठोकून बघा. शंका असेल तर नळीचा आणि लाकडाचा फोटो याच नंबरवर पाठवा. बघून सांगतो. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येईल.

पुढच्या मेसेजमध्ये धानाची बीजप्रक्रिया.

आपला,
कृषी सल्लागार