दुखतंय छातीत, मग पाय का तपासले?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी रुग्णालयातच त्यांच्या छातीत कळ आली. ईसीजीत हार्ट अटॅक दिसला नाही, तरी दोनदा रक्त घेतलं, पायांची सोनोग्राफी केली, वर सीटी स्कॅन. छातीत दुखत असताना पाय का तपासले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कारण अशा रुग्णाच्या छातीतल्या कळेचं मूळ पायात असू शकतं. ऑपरेशननंतर माणूस खाटेला खिळतो. पायांच्या खोल शिरांतलं रक्त संथ होतं. शिवाय जखम भरून यावी म्हणून शरीर रक्त गोठण्याची तयारी वाढवतं. अशात पोटरीत किंवा मांडीत गुठळी धरते, सुटते आणि हृदयातून पुढे जाऊन फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. हा प्रवास जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिला. कळ एकाएकी येते, खोल श्वास घेताना वाढते, धाप लागते, नाडी पळते. पाय सुजलेला असेलच असं मात्र नाही.

पहिला संशय हृदयाचाच घ्यायचा, हेही खरं. पण पहिला ईसीजी चांगला आला म्हणून हार्ट अटॅक नाहीच, असं ठरत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं, त्याला काही तास लागतात. म्हणून रक्त दोनदा घेतात. तो खर्च वायफळ नव्हे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदनाशामकांमुळे आणि मधुमेहामुळे हार्ट अटॅकची कळ पुष्कळदा जाणवतही नाही, नुसता घाम येतो किंवा रक्तदाब उतरतो. मला ही शक्यता सगळ्यांत घातक वाटते, कारण रुग्ण तक्रारच करत नाही.

बाकीची कारणंही आहेत : न्यूमोनिया, मानेतून सलाईनची नळी घालताना फुफ्फुसाला लागलेला धक्का, आडवं राहून वर चढणारं आम्ल, खोकून दुखावलेल्या बरगड्या, क्वचित महारोहिणीला पडलेली चीर. नागिणीत तर पुरळ उठण्याआधी छातीच्या एकाच बाजूला आग होते. बोटाने दाबल्यावर दुखलं म्हणजे स्नायूच, असं घरच्यांनी ठरवू नये.

तेव्हा रुग्णाजवळ बसणाऱ्यांना कळकळीची विनंती. ‘गॅस झाला असेल’ म्हणून पिशवीतली गोळी देऊ नका, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठून सांगा. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघायला हवा. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका घरी आल्यावरही काही आठवडे राहतो. रक्त पातळ ठेवणारं औषध लिहून दिलं असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि धाप लागली किंवा एकच पोटरी सुजली, तर त्याच दिवशी सासूबाईंना परत रुग्णालयात न्या.