पाटीवरचा नंबर आणि आतली तारीख

मुंबई

चि. भाचेबुवांस मामाचा आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. तुला हवा असलेला होकार मी देत नाही, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. वाशीमच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९६४ ची, दीड लाखाला मिळतेय, सोयाबीनचे पैसे नुकतेच हाती आलेत आणि रविवारी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, असं तू म्हणतोस. हे दुसरं गिऱ्हाईक मला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात रोज भेटायचं. म्हणजे त्याच्याबद्दल ऐकायला मिळायचं. तो माणूस मी कधी पाहिला नाही.

आधी एवढं विचार, की १९६४ च का? कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरनं आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टीव्हीच्या बड्या कंपनीला विकली. तेव्हापासून जगभरचे शौकीन विक्रीच्या आधीची फेंडर आणि नंतरची फेंडर असा भेद करतात, आणि आधीच्या अस्सल स्ट्रॅटोकास्टरला परदेशात पाच आकडी डॉलर मोजतात. तेव्हा विकणाऱ्याच्या तोंडी नेमकं त्या रेषेच्या एक पाऊल अलीकडचं साल आलं, की आपण कान टवकारायचे. तो खोटं बोलतोय असं नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल.

आता तुझे पुरावे. पेटीवर रंगानं 'वाशीम, जि. अकोला' लिहिलंय हे तू मोठ्या उत्साहानं कळवलंस. वाशीम अकोल्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे ती पेटी त्याआधी रंगवली असावी, एवढंच त्यातून निघतं. आणि आपल्याकडचे लोक पुढे किती वर्षं पत्त्यात अकोलाच लिहीत होते, हे तुझ्या आजोबांच्या पत्रांत बघ. शिवाय ती पेटी याच गिटारची कशावरून? ऑर्केस्ट्रात पेट्या अदलाबदल होतातच.

दुसरा पुरावा, मागच्या पाटीवर एल अक्षरानं सुरू होणारा नंबर. एल मालिका साधारण १९६३ ते १९६५ ची, हे खरं. पण ती पाटी चार स्क्रूंवर बसते, कुणीही काढू-लावू शकतो, आणि कंपनीतसुद्धा पाट्या नंबराच्या क्रमानं वापरल्या जात नव्हत्या. त्यातून तुझ्याच फोटोत हेड मोठं दिसतंय. फेंडरनं स्ट्रॅटोकास्टरचं हेड मोठं केलं १९६५ च्या अखेरीस. म्हणजे एक तर ही गिटार त्या वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांतली आहे, जेव्हा एलच्या पाट्या संपत आल्या होत्या. नाहीतर पाटी एका गिटारची आणि नेक दुसरीचा. दोन्हीतलं काहीही धरलं, तरी १९६४ बसत नाही.

शेत घेताना तू नुसता सातबारा पाहून इसार देशील का? फेरफार बघशील, मोजणी बघशील, बांधावर उभा राहून चतुःसीमा विचारशील. इथंही तेच. कुठलीही एक तारीख काही सिद्ध करत नाही. गिटारीच्या अंगावरच्या सगळ्या तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात. म्हणून उघडून बघ. मालकाची परवानगी घे आणि त्याच्या समोरच बघ. तारा सैल कर, योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर ने, प्रत्येक पायरीचा फोटो काढ, निघालेला स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी कागदावर ठेव.

नेक काढलास की त्याच्या बुडाला, जिथं तो बॉडीत बसतो तिथं, शिक्का किंवा पेन्सिलीनं लिहिलेली तारीख शोध. मग पुढची प्लॅस्टिकची प्लेट उचल. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटवर एक आकडा ठोकलेला असतो. समजा १३७६६३३ दिसला: १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. ३०४ नं सुरुवात असेल तर पॉट स्टॅकपोलचा. पण लक्षात ठेव, पॉट फक्त एवढंच सांगतो की गिटार याच्या आधीची नाही. फेंडरनं १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढं काही वर्षं पुरवला, त्यामुळे १९६९ च्या गिटारीतही ६६ चे पॉट सापडतात. सोल्डरचे थेंब नीट बघ. मूळचे एकसारखे, जुनाट. नंतर कुणी सोल्डरिंग आयर्न लावलं असेल तर तिथं ढेकूळ, करपलेली वायर, चिकट राळ दिसते. वायरवर कापडाचं वेष्टण असेल तर ते साधारण १९६७-६८ पर्यंतचं.

हेडकडच्या टोकाला, नटच्या मागे, बंदुकीच्या गोळीसारखं धातूचं बोंड दिसलं तर प्रश्नच मिटला: तो स्ट्रॅटचा नेक १९७१ नंतरचा. आणि तसा नेक मुळात बहुधा तीन स्क्रूंवर बसायचा. चार स्क्रूंच्या पाटीवर बसवला असेल तर कुणीतरी नवी भोकं पाडली असण्याचा संभव मोठा.

रंगासाठी रिसोडच्या एखाद्या सराफाकडून खोट्या नोटा ओळखायचा निळा दिवा मागून घे. फेंडर पूर्वी नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरायची आणि १९६८ च्या सुमारास जाड पॉलिएस्टरकडे वळली. जुनं लॅकर अंधारात त्या दिव्याखाली पिवळसर-हिरवं चमकतं. नंतर हात फिरवलेली जागा वेगळी, बहुधा काळपट दिसते. लॅकर पिवळं पडतं, त्याला बारीक तडे जातात. पॉलिएस्टर तसं वागत नाही. आपल्याकडे रंग उडाला की गिटार सरळ गॅरेजवाल्याकडे जायची आणि गाडीच्या रंगात न्हाऊन परत यायची. असा दुसरा रंग चढला, की बाकी सगळं मूळचं असूनही बाजार किंमत साधारण निम्मी धरतो. फ्रेटची टोकं बोटाला टोचतात म्हणून मात्र घाबरू नकोस. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, फ्रेट तेवढेच राहतात.

आता माझं खरं मत सांगतो, आणि तुला ते आवडणार नाही. आपल्या भागात वाजलेली गिटार संपूर्ण मूळची सापडणं जवळजवळ अशक्य. सुटे भाग मिळायचे नाहीत आणि परदेशी माल सहजी यायचा नाही. मुंबईतल्या ज्या पोरांनी १९७० च्या आगेमागे बीट ग्रुप काढले, सिमला बीट स्पर्धेच्या रेकॉर्डवर वाजवलं, त्यांतल्या कितीकांनी इथल्याच सुतारांकडून बॉड्या आणि रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडून अॅम्प करून घेतले. पिकअप जळाला तर वादक काय करणार? पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडे जाणार! स्ट्रॅटच्या पिकअपची तांब्याची तार केसापेक्षा बारीक असते; तरी त्या माणसांनी ते पिकअप भरले आणि गणपतीचे दहा दिवस काढून दिले. मी स्वतः ऑर्केस्ट्रावाल्यांची अशी कामं केलीत आणि त्याची मला लाज नाही. पण त्या पिकअपला मूळचा म्हणता येणार नाही. मल्टिमीटर लावून बघ: शाबूत स्ट्रॅट पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम दाखवतो. काटा हललाच नाही, तर तार तुटलेली.

म्हणून बदललेली आणि बनावट यांत घोळ करू नकोस. गरजेपोटी बदललेली गिटार प्रामाणिक असते, फक्त तिची किंमत वाजवणाऱ्याची, संग्राहकाची नव्हे. बनावट ती, जिच्या हेडवर मागाहून नाव चिकटवलेलं असतं. ते स्टिकर आज घरबसल्या मिळतं, त्यामुळे नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा. कोलकात्याच्या गिवसनला किंवा हॉबनरला हसू नकोस. नावं गिब्सन आणि हॉफनरच्या वळणावरची, पण त्या आपल्याच नावानं विकल्या जातात. आणि नाव खरवडून आत जपानी नेक निघाला तरी लगेच पाठ फिरवू नकोस. १९८२ पासून फेंडर जपानमध्येही बनू लागली, आणि जेव्ही अक्षरांच्या त्या पहिल्या गिटारींना आता चांगलीच मागणी आहे.

तू म्हणशील, डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट तर बदलांनी भरलेली, नेकसुद्धा कितीदा बदललेला, तरी २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. गेली, कारण ती कुणाची, तिच्यात काय केव्हा बदललं, याचा माग फोटो आणि रेकॉर्डिंगमधून लागतो. त्याच लिलावात त्याची ०००१ नंबरची पांढरी स्ट्रॅट १८ लाखांवर गेली, आणि तीही काही पहिली बनलेली स्ट्रॅट नव्हती! वाशीमच्या ऑर्केस्ट्राचा एखादा जुना फोटो, ज्यात ही गिटार ओळखू येते, मालकाकडे असेल तर तो मागून घे. पेटीवरच्या अकोल्यापेक्षा तो कामाचा.

सरकारी भानगडीची काळजी नको. १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू व्हायला शंभर वर्षं लागतात, आणि बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ ची. पुढं परदेशात विकायचा विचार आलाच, तर बोटांखालची पट्टी ब्राझिलियन रोजवुडची आहे का ते आधी कळायला हवं. १९९२ पासून त्या लाकडाच्या देवाणघेवाणीला परवाना लागतो. नंतरच्या बऱ्याच अमेरिकन गिटारींना आपल्याकडची शिसवच आहे.

घेतलीसच, तर पुसूपासू नकोस. पॉलिश नाही, नव्या खुंट्या नाहीत, खरखरतो म्हणून पॉट बदलणं नाही. संपर्क साफ करायचा स्प्रे मार. काही बदलावंच लागलं तर जुना भाग पिशवीत घालून पेटीतच ठेव.

नेकच्या बुडाचा, तिन्ही पॉटचा आणि निळ्या दिव्याखालच्या बॉडीचा फोटो आला, की मी आकडा सांगतो. तोवर चाळीस हजारांच्या पुढं तोंड उघडू नकोस. आणि सौदा ठरायच्या आधी मालकाला म्हण, पावतीवर 'फेंडर स्ट्रॅटोकास्टर, १९६४, सर्व भाग मूळचे' असं लिहून खाली सही करा. केली तर मला फोन कर. हात आखडला, तर दीड लाखाचा विषय तिथंच संपला.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा