आधी प्रकल्प, मग तिकीट

रोटरीच्या आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शनला पहिल्यांदा निघालेल्यांना मी एकच सांगते : आधी आपल्या क्लबचा एखादा प्रकल्प नीट कागदावर उतरवा, मग विमानाच्या तिकिटाकडे वळा. क्रम उलटा झाला की काय होतं, ते मे २०२४ मध्ये सिंगापूरला जवळून पाहिलं. त्यावरून हे लिहिते आहे.

कन्व्हेन्शन २५ ते २९ मे या काळात मरीना बे सँड्सच्या एक्स्पो आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होतं. आमच्या भागातल्या क्लबांनी मिळून एका टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं. जाहिरातीत ‘कन्व्हेन्शनसह’ असं ठळक छापलं होतं. तिथल्या काउंटरवर गेल्यावर कळलं, की काही जोडप्यांची नोंदणी झालेलीच नाही. त्यांना जागेवरचा सर्वांत महाग दर भरावा लागला. दुसरा घोळ वेळापत्रकाचा. ज्या वेळी चर्चासत्रं, नेमकी त्याच वेळी बस सेंटोसा बेटाच्या सहलीला निघालेली! इतक्या लांब येऊन अनेकांनी उद्घाटन पाहिलं, फोटो काढले आणि पुढचे दिवस बाजारात घालवले. त्यांचा दोष मी मानत नाही. कन्व्हेन्शन म्हणजे काय, तिथे करायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिली सूचना : नोंदणी स्वतः करा. रोटरीच्या संकेतस्थळावर आपल्या सदस्य खात्यातून ती करता येते. लवकर केली तर दर कमी असतो आणि मुदती उलटतील तसा तो चढत जातो. नोंदणीची पावती हातात आल्याशिवाय कुणालाही पॅकेजचे पैसे देऊ नका. नोंदणी झाली, की व्हिसासाठी निमंत्रणपत्र मिळवता येतं. व्हिसाचं काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. २०२५ चं कन्व्हेन्शन कॅनडातल्या कॅलगरीला होतं. तिथल्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यालाच वेळ जातो. सिंगापूरसाठी पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन ‘अरायव्हल कार्ड’ भरायचं असतं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट भरता येतं. त्याचे पैसे मागणारी कुठलीही साइट दिसली, तर लांब राहा.

हॉटेल थोडं साधं असलं तरी चालेल, पण सभागृहाकडे थेट मेट्रो हवी. टूरच्या बसवर अवलंबून राहिलात, की तुमचा दिवस दुसऱ्याच्या हाती जातो. बाहेर घामाच्या धारा आणि आत कडाक्याचा एसी, त्यामुळे पिशवीत शाल किंवा जाकीट ठेवा. चालणं भरपूर होतं. नवे बूट घालून जाऊ नका.

आता मूळ मुद्दा. कन्व्हेन्शनचे तीन भाग पडतात. मोठ्या सभागृहातली मुख्य सत्रं, लहान खोल्यांतली ब्रेकआउट सत्रं आणि ‘हाउस ऑफ फ्रेंडशिप’ हे भलंमोठं दालन. दालनात देशोदेशींचे क्लब, छंदांच्या फेलोशिप, पाणी-आरोग्यासारख्या विषयांवर काम करणारे गट आपापले स्टॉल मांडतात. मुख्य सत्रातली भाषणं ऐकावीत, त्यांनी मन भरून येतं. पण तुमच्या तालुक्याला उपयोग होईल असं काम होतं ते या दालनात आणि त्या लहान खोल्यांत.

कारण सरळ आहे. रोटरी फाउंडेशनची ग्लोबल ग्रँट हवी असेल, तर प्रकल्पाचा खर्च किमान ३०,००० डॉलर असावा लागतो आणि दुसऱ्या देशातला एक क्लब किंवा डिस्ट्रिक्ट, म्हणजे अनेक क्लबांचा रोटरी विभाग, भागीदार म्हणून सोबत असावा लागतो. आपल्याकडच्या लहान गावातल्या क्लबाला हा भागीदार सापडायचा कुठे? नुसत्या ई-मेलवर अनोळखी माणूस विश्वास टाकत नाही. कन्व्हेन्शनमध्ये तो समोर बसलेला असतो.

आमच्या क्लबचा प्रस्ताव तालुक्याच्या रुग्णालयात डायलिसिस केंद्र सुरू करण्याचा होता. आमच्या सचिवांनी तो एका पानात बसवला होता. पाण्यावर काम करणाऱ्या गटाच्या स्टॉलवर ऑस्ट्रेलियातले एक निवृत्त इंजिनिअर बसले होते. त्यांनी पान हातात घेतलं, यंत्राच्या किमतीवरून नजर पुढे नेली आणि गावाच्या माहितीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “उन्हाळ्यात टँकर येतात असं तुम्हीच लिहिलंय. मग डायलिसिसला पाणी कुठून आणणार?”

प्रश्न अगदी वर्मावर होता. डायलिसिसमध्ये साधारण मिनिटाला अर्धा लिटर द्रावण यंत्रातून जातं. चार तासांत एका रुग्णामागे १२० लिटर झालं. तेवढं शुद्ध पाणी तयार करताना आरओ यंत्रातून आणखी बरंच पाणी बाहेर पडतं. आमच्या सचिवांनी पानाच्या मागच्या बाजूला याचं उत्तर लिहून ठेवलं होतं : रुग्णालयाच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवण्यासाठी टाकी, आरओमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छतागृहांना. शिवाय तंत्रज्ञाचा पगार पुढे कोण देणार, याबद्दल वैद्यकीय अधीक्षकांचं सहीचं पत्र जोडलं होतं. त्या गृहस्थांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढून आमच्याच पानावर त्यांच्या डिस्ट्रिक्टच्या फाउंडेशन प्रमुखांचा ई-मेल लिहून दिला. तिथून सुरू झालेला पत्रव्यवहार पुढे अर्जापर्यंत गेला.

तेव्हा प्रस्ताव एका पानाचाच असू द्या, पण त्यात गरज कुणी सांगितली, कशावरून ठरवली, पाणी-वीज-माणसं कुठून येणार आणि ग्रँट संपल्यावर खर्च कोण उचलणार, हे चार मुद्दे हवेतच. फाउंडेशनही अर्जासोबत गावाच्या गरजांची पाहणी मागतं. नुसते उद्घाटनाचे फोटो दाखवून कुणी भागीदार होत नाही.

इंग्रजी सफाईदार नाही म्हणून अनेक जण, विशेषतः लहान गावांतून आलेले, आपल्याच माणसांच्या घोळक्यात राहतात. असं करू नका. जपान, कोरिया, तैवान, ब्राझीलहून आलेले कितीतरी सदस्यही अडखळतच इंग्रजी बोलतात. कागद, नकाशा आणि आकडे यांची भाषा सगळ्यांना कळते. सोबत क्लबचे बॅनर आणि व्हिजिटिंग कार्ड घ्या. जपानी-कोरियन मंडळी कार्ड दोन्ही हातांनी देतात, आपणही तसंच घ्यावं. कार्ड मिळालं, की मागे लगेच दोन शब्द लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत चेहरे विसरतात. बड्या पदाधिकाऱ्यांसोबत फोटोसाठी लागलेल्या रांगांत मात्र तास घालवू नका.

या मेळाव्यांतून मोठी कामं उभी राहिली आहेत. १९१७ साली अटलांटाच्या कन्व्हेन्शनमध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी लोकसेवेसाठी कायम निधी उभारण्याची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी त्यात पहिली देणगी आली, ती अवघी २६ डॉलर ५० सेंटची. आजचं रोटरी फाउंडेशन त्यातूनच वाढलं. पोलिओविरुद्धच्या जागतिक लढ्यात रोटरी सुरुवातीपासून आहे. २०१४ च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात या संघटनेच्या असंख्य साध्या सदस्यांचे श्रम आहेत. तिथे जाताना आपण याच परंपरेचे प्रतिनिधी म्हणून जातो, ही जाणीव असावी.

शेवटचं, पैशांबद्दल. प्रवास स्वतःच्या खिशातून करा. क्लबच्या सेवानिधीतला एक रुपयाही त्यासाठी घेऊ नका. तो पैसा लोकांनी गावासाठी दिलेला असतो. परतल्यावर आठवड्याच्या आत भेटलेल्या प्रत्येकाला पत्र लिहा आणि क्लबच्या सभेत हिशेब द्या : कोण भेटलं, काय बोलणं झालं, कुठलं काम पुढे नेता येईल. असा हिशेब देता येणार नसेल, तर खुशाल सहलीला जा, पण त्या सहलीला कन्व्हेन्शन म्हणू नका.