ठिपका चाळीसचा की शंभरचा

पोरी, सातबारा आता तुझ्या हाती यायचाय, म्हणून आधी ठिपक्याचं सांगतो. जमिनीच्या कागदावर सगळ्यात मोठा घोळ तोच करतो.

आमच्या वाटणीत घरच्याच एका कागदावर लिहिलं होतं, ‘एकर २.५’. लिहिणाऱ्याच्या मनात दोन एकर पाच गुंठे, वाचणाऱ्यानं धरले अडीच एकर. फरक पंधरा गुंठ्यांचा. त्यापायी आम्ही भाऊ तीन दिवाळ्या एका पंगतीला बसलो नाही. एकराच्या ठिपक्यापुढे गुंठे असतात आणि ते चाळीसला भरतात, २.२० म्हणजे अडीच एकर, २.३९ च्या पुढे थेट तीन. हेक्टरच्या ठिपक्यापुढे आर, ते शंभरला भरतात. तू एकराला ठिपका देऊच नकोस. ‘दोन एकर पाच गुंठे’ असं अक्षरात लिहीत जा.

आपल्या घरात दोन्ही हिशेब का सापडतात, तेही ऐक. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. जुनं सेतवार, मग १९५४ चं खासरा पत्रक, हे एकर-गुंठ्यांत. आजचा सातबारा हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये. पणजोबांच्या नावावरची जमीन पडताळायची तर दोन्ही कागद शेजारी ठेवून मेळ घालावा लागतो.

मेळ घालायला यंत्र लागत नाही. सातबाऱ्यावर १.६२ आहे ना? ठिपका काढ, १६२ आर झाले. शंभरामागे एक कमी कर, साधारण १६० गुंठे उरले. चाळीसनं भाग, चार एकर. उलटं करायचं तर गुंठ्यांत शंभरामागे एक मिळव: दोन एकर दहा गुंठे म्हणजे ९० गुंठे, म्हणजे ९१ आर. पेरणीचा, मजुरीचा हिशेब यावर बिनघोर चालतो. खरेदीखताला मात्र असा अंदाज लावायचा नाही. तिथं एक एकर म्हणजे ४० आर ४७ चौरस मीटर, हाच आकडा धर. पुष्कळ जण ‘आर म्हणजे गुंठाच’ म्हणून ४० आर लिहून मोकळे होतात आणि एकरामागे पाचशे चौरस फूट कागदावरून जातात. वावरात ते जाणवत नाही. गावाला लागून प्लॉट पडले की तेवढ्यात एक खोली बसते.

सातबाऱ्यावर पोटखराब वेगळा दाखवलेला असतो. नाला, खडक, असलं लागवडीला न येणारं क्षेत्र. एकूण आकडा बघून बी आणू नकोस, लागवडीयोग्य क्षेत्र बघ.

बियाण्याचंही तसंच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी हेक्टरी असतात आणि आपण बोलतो एकरी. हेक्टरी आकड्याला अडीचनं भाग. सोयाबीन हेक्टरी ६५ किलो असेल तर एकरी २६ किलो. बी जास्त पडलं तर पीक दाट होईल, पैसा जाईल, एवढंच. तणनाशकाचा हेक्टरी डोस एका एकरावर मारलास तर अडीचपट औषध पडतं आणि उभं पीक करपतं. औषधाच्या बाटलीवर एकरी लिहिलंय की हेक्टरी, हे आधी वाच, मग झाकण उघड. अतिवृष्टीची मदतही हेक्टरीच जाहीर होते. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये म्हटले की एकराला ३,४०० च्या आसपास पडतात. गावात कुणी एकरी समजून उधारीचे वायदे करायला लागलं, तर त्याला वेळीच सांग.

वावरात उभं राहून मोजायचं असेल तर ३३ फूट लक्षात ठेव. जुनी मोजणीची साखळी तेवढीच, आणि ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चौकोनी एकराची एक बाजू २०९ फुटांच्या जवळपास भरते. आपलं नदीकडचं वावर मात्र तिरपं आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणलंस तर क्षेत्र जास्तच निघेल. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताण, दोन त्रिकोण कर, प्रत्येकाचा पाया गुणिले उंची, त्याचं निम्मं, आणि दोन्हींची बेरीज.

माझी ३३ फुटांची दोरी पडवीत खुंटीला आहे. सुताची आहे, ओली झाली की आखडते. आधी लोखंडी टेपला लावून बघ, मगच वावरात ने.