निळा अधिक पिवळा बरोबर राखाडी

गॅदरिंग किंवा टेक-फेस्ट जवळ आला की हॉस्टेलच्या दोन-चार रूमवर रात्रभर पोस्टरं बनतात. त्यात ब्लेंड टूल सगळ्यांचं लाडकं, कारण कमी मेहनतीत काम भारी दिसतं. पण ते आत काय करतं हे बघितलं नाही, तर फ्लेक्स छापून आल्यावर वर्गणीचे पैसे पाण्यात.

ब्लेंड म्हणजे न्यूमेरिकल मेथड्समधलं इंटरपोलेशनच, तेही सगळ्यात सोपं, सरळ रेषेचं. चौथाई वाटेवर पहिल्या वस्तूचे 75 टक्के आणि दुसरीचे 25 टक्के, बस्स.

आता रंग घ्या. आरजीबीत निळा म्हणजे 0, 0, 255 आणि पिवळा 255, 255, 0. दोघांची सरासरी काढा: तिन्ही आकडे साधारण 128, म्हणजे शुद्ध राखाडी! शाळेतल्या रंगपेटीत हिरवा यायचा, कारण तिथे रंगद्रव्यं प्रकाश शोषतात. इथे नुसते आकडे मिसळतात. लाल-हिरव्याचंही तेच; मध्ये मळकट शेवाळी येतो. (शिवाय 128 म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे. स्क्रीनवर तो जेमतेम 22 टक्के भरतो, म्हणून मधला भाग मेल्यासारखा वाटतो.)

उपाय दोन. कोरलड्रॉमध्ये डायरेक्ट ब्लेंडऐवजी क्लॉकवाइज किंवा काउंटर-क्लॉकवाइज निवडा. मग वाट रंगचक्रावरून जाते. पिवळा 60 अंशांवर, निळा 240 वर, म्हणजे बरोब्बर समोरासमोर. एका बाजूने गेलात तर हिरवा लागतो, दुसऱ्या बाजूने लाल. दुसरा उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो: मधला रंग आपणच ठरवून तिसरी वस्तू मध्ये ठेवायची आणि दोन ब्लेंड करायचे. मला हाच आवडतो, कारण रंग आपल्या ताब्यात राहतो.

आकारांची गंमत वेगळी. वर्तुळाला सहसा 4 नोड असतात, पाच टोकांच्या चांदणीला 10. कोणता नोड कोणाकडे जाणार हे सॉफ्टवेअर सुरुवातीच्या नोडपासून मोजतं. वर्तुळाचा पहिला नोड उजवीकडे आणि चांदणीचा वर असेल, तर मधले आकार पिळलेल्या फडक्यासारखे दिसतात. कोरलमध्ये यासाठी मॅप नोड्स आहे. इलस्ट्रेटरमध्ये ब्लेंड टूलने दोन्हीकडचा हवा तो नोड क्लिक करायचा. इंकस्केप फुकट आहे, त्यात एक्स्टेन्शन्स, जनरेट फ्रॉम पाथ, इंटरपोलेट असं जा; पण आधी दोन्ही वस्तू पाथमध्ये बदला आणि शक्यतो नोडची संख्या सारखी करा. अक्षरांनाही हाच नियम.

राहिला पायऱ्यांचा प्रश्न, आणि पैसे इथेच बुडतात. कोरल आपणहून 20 पायऱ्या देतं. ए-फोरवर ते खपून जातं. 10 फुटी फ्लेक्सवर मात्र एकेक पट्टी साडेचौदा सेंटिमीटरची होते आणि गेटवरूनही मोजता येते. हिशोब सोपा: रंगात जितके टक्के बदल, तितके टक्के 256 चे. 20 टक्के काळ्यापासून 100 टक्क्यांपर्यंत जायचं तर बदल 80 टक्के, म्हणून पायऱ्या 205. मग पट्टी दीड सेंटिमीटरची, आणि शेजारच्या पट्टीशी फरक डोळ्याला जाणवेल-न जाणवेल इतका. एवढ्या पायऱ्यांनी फाइल जड होते, जुना पीसी कण्हतो. तेव्हा काम चालू असताना 20 च ठेवा, फ्लेक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह नेण्याआधी आकडा वाढवा.